रुइझचा नकाशा : एक परीक्षण

पुस्तकांची परीक्षणे छापून येतात, नाटक-सिनेमांची येतात. नकाशाचे परीक्षण लिहिण्याची रीत मात्र आपल्याकडे नाही. खरे तर नकाशा हेही एक प्रकारचे लेखनच. त्याला लेखक असतो, वाचक असतो. काय दाखवायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय कोणीतरी घेतलेला असतो. तो वाचला जातो, चुकीचा वाचला जातो, आणि काही वेळा वाचलाच जात नाही.

ज्या नकाशाबद्दल लिहायचे आहे तो ७ ऑक्टोबर १९८५ रोजी कोलंबियात सादर झाला. 'नेवादो देल रुइझ ज्वालामुखीच्या संभाव्य धोक्यांचा प्राथमिक नकाशा' अशा अर्थाचे त्याचे नाव होते. 'इंजेओमिनास' या तिथल्या सरकारी भूविज्ञान संस्थेने तो जेमतेम महिन्याभरात सिद्ध केला होता. त्यानंतर ३७ दिवसांनी, १३ नोव्हेंबरच्या रात्री, रुइझचा उद्रेक झाला. नकाशात दाखवलेल्या नद्यांमधून, नकाशात सांगितलेल्या प्रकारचे चिखलाचे लोट खाली आले आणि सुमारे २३,००० माणसे मेली. त्यांतली २०,००० हून अधिक एकट्या आर्मेरो या गावातली. गावाची लोकसंख्या होती सुमारे २९,०००.

'शास्त्रज्ञांनी सांगितले होते, सरकारने ऐकले नाही' असे या घटनेचे सार सांगण्याची पद्धत आहे. ते खोटे नाही, पण त्यात नकाशाला फार सहज उत्तीर्ण केले जाते. विज्ञानाच्या शिक्षकाने तरी तो जरा बारकाईने तपासायला हवा.

आधी त्याची जमेची बाजू पाहू. ती मोठी आहे. शाळेच्या पुस्तकात ज्वालामुखीचे जे चित्र असते ते एका सुबक शंकूचे. मध्ये नळी, वर खड्डा, उतारावरून वाहणारा तांबडा लाव्हारस. रुइझ या चित्रात बसत नाही. अँडीज पर्वताच्या मधल्या रांगेत, बोगोता शहराच्या पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवर, सुमारे ५,३०० मीटर उंचीचा हा रुंद, बसका डोंगर आहे. दोनशेहून अधिक चौरस किलोमीटरवर तो पसरला आहे. पॅसिफिक महासागराच्या तळाचा नाझका भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकतो आहे. खाली जाताना त्यातले पाणी वरच्या प्रावरणात शिरते, तिथला खडक त्यामुळे वितळतो आणि शिलारस तयार होतो. हा शिलारस अँडेसाइट आणि डेसाइट प्रकारचा. आपल्या दख्खनच्या बेसाल्टसारखा पातळ नव्हे, तर चिकट. त्यात कोंडलेले वायू सहजासहजी बाहेर पडत नाहीत. म्हणून तो कधी घट्ट घुमटासारखा जागीच साचतो, तर कधी फुटून राख आणि खडकांचे तुकडे उधळतो. राखेचे थर, लाव्ह्याचे थर, कोसळलेल्या कड्यांचा राडारोडा, पुन्हा राख, अशा थरांनी तो उभा राहतो. म्हणूनच त्याला स्तरित ज्वालामुखी म्हणायचे. रुइझच्या ठिकाणी हे काम सुमारे १८ लाख वर्षे चालू आहे. जुना डोंगर कोसळून त्याच्यावर नवा, असे तीन टप्पे भूवैज्ञानिकांनी ओळखले आहेत. गेल्या ११,००० वर्षांत उद्रेकाचे किमान बारा कालखंड नोंदवले गेले आहेत.

आणि या सगळ्यावर बर्फाची टोपी. विषुववृत्तापासून अवघ्या पाच अंशांवर! १९८५ साली तिचे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस किलोमीटर होते. तिच्यातून निघणाऱ्या हिमनद्यांचे पाणी पूर्वेला ग्वाली, आसुफ्रादो आणि लागुनिया या नद्यांत, तर पश्चिमेला चिंचिना नदीत जाते. आसुफ्रादो पुढे लागुनियाला मिळते. लागुनिया खोल, अरुंद घळीतून धावत येते आणि ज्या ठिकाणी एकदम सपाटीवर उतरते, त्याच ठिकाणी आर्मेरो वसले होते.

नकाशाच्या लेखकांनी नेमकी हीच गोष्ट पकडली. त्यांनी डोंगराकडे पाहिले तेवढेच नद्यांच्या मुखाशी पसरलेल्या मातीकडेही पाहिले. जुन्या चिखलप्रवाहाची ओळख पटवणे अनुभवी डोळ्याला अवघड नसते. नदी आपला गाळ निवडून टाकते, खाली गोटे, वर वाळू, त्यावर चिखल. चिखलाचा लोट थांबतो तेव्हा मात्र घराएवढ्या धोंड्यापासून पिठासारख्या राखेपर्यंत सगळे एकत्र, काँक्रीट ओतावे तसे, जागच्या जागी गोठते. असे थर आर्मेरोच्या खाली होते. किंबहुना आर्मेरो त्यांच्यावरच बांधलेले होते. अमेरिकी भूवैज्ञानिक डॅरेल हर्ड यांनी रुइझ परिसराच्या हिमनद्या आणि ज्वालामुखींचा सविस्तर अभ्यास केला होता आणि तो इंजेओमिनासनेच १९८२ साली प्रसिद्ध केला होता. म्हणजे नकाशा महिन्याभरात निघाला असला, तरी त्याची तयारी जुनी होती.

मातीची साक्ष कागदांशीही जुळत होती. १२ मार्च १५९५ रोजी रुइझचा मोठा उद्रेक झाला आणि ग्वाली व लागुनिया या नद्यांतून चिखलाचे लोट आले. फ्राय पेद्रो सिमोन या स्पॅनिश धर्मगुरूच्या बखरीत त्याचे वर्णन आहे. ६३६ माणसे मेल्याचे सांगितले जाते. १९ फेब्रुवारी १८४५ रोजी लागुनियातून पुन्हा तसाच लोट आला आणि सुमारे हजार माणसे दगावली. त्याच गाळाच्या सुपीक मैदानावर १८९५ साली सान लोरेन्सो नावाचे गाव वसले. १९३० मध्ये त्याचे नाव बदलून आर्मेरो झाले. दोन उद्रेक, अडीचशे वर्षांचे अंतर, नदी तीच, जागा तीच. तिसऱ्या उद्रेकाचे चित्र काढायला याहून भक्कम आधार क्वचितच मिळतो.

नकाशाच्या बाजूचा आणखी एक मुद्दा वर्गात करून दाखवण्यासारखा आहे. धोका दाखवायला त्याच्या लेखकांनी प्रचंड उद्रेक गृहीत धरला नाही. गणित साधे आहे. ९०० अंश सेल्सिअस तापमानाचा एक किलो खडक शून्य अंशापर्यंत थंड झाला तर ढोबळमानाने ९०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एक किलो बर्फ वितळायला लागतात ३३४. म्हणजे एक किलो तप्त राख अडीच किलोहून अधिक बर्फाचे पाणी करू शकते. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते, बरीच राख बर्फावर पडतच नाही. पण उद्रेक लहान असला तरी पाणी कमी पडणार नाही, हे कळायला एवढा हिशेब पुरतो. १९८५ चा उद्रेक खरोखरच लहान होता. बाहेर पडलेला माल सुमारे साडेतीन कोटी टन. माउंट सेंट हेलेन्सच्या १९८० च्या उद्रेकाशी तुलना केली तर तीन टक्क्यांच्या आसपास. त्यातून निघालेले राख-वायूंचे तप्त लोट (भूविज्ञानात त्यांना अग्निदलिक प्रवाह म्हणतात) बर्फावरून नुसते गेले नाहीत, त्यांनी बर्फ खरवडला, उखडला आणि आपल्यात कालवून घेतला. हिमटोपीचा सुमारे दहावा हिस्सा त्यात खर्ची पडला. उरलेले काम घळींनी केले. खाली धावणाऱ्या पाण्याने तळाची माती, दगड, झाडे उचलली, आणि प्रवाहाचे आकारमान वाटेत दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढले. अशा लोटाला जगभर 'लाहार' हा इंडोनेशियातला शब्द वापरतात.

तर धोका कुठे आहे, कशाचा आहे आणि किती लहान उद्रेकाने तो ओढवेल, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बरोबर होती. प्रत्यक्ष लोट ज्या भागावरून गेले तो भाग नकाशातल्या भागाशी आश्चर्य वाटावे इतका जुळला. भूविज्ञानाचा नकाशा म्हणून याहून अधिक गुण देणे शक्य नाही.

माझी पहिली तक्रार एका आकड्याबद्दल आहे. नकाशासोबतच्या अहवालात चिखललोटांची संभाव्यता १०० टक्के दिली होती. आपण गणिताच्या तासाला शिकवतो, की १०० टक्के म्हणजे खात्री. मग खात्री असूनही लोक थांबले कसे? कारण ही संभाव्यता सशर्त होती. 'मोठा उद्रेक झाला, तर' चिखललोट येणारच, असा तिचा अर्थ. उद्रेक होणार का आणि केव्हा, याबद्दल त्या आकड्यात एक अक्षरही नाही. पण वाक्यातला 'तर' हा शब्द आकड्याइतका ठळक कधीच छापला जात नाही. ज्याला आकडा दिसला त्याला तो भयंकर वाटला. दुसऱ्या दिवशी काही घडले नाही, तिसऱ्या दिवशी घडले नाही, की मग तो अतिशयोक्तीचा वाटू लागला. प्रसारमाध्यमे भय पसरवतात असा आरोप झालाच. जमिनीच्या किमती पडतील, व्यापार बसेल, ही चिंता बोलून दाखवली गेली. सशर्त संभाव्यता हा फक्त अकरावी-बारावीच्या पुस्तकातला घटक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

दुसरी तक्रार अधिक मूलभूत आहे. नकाशा जागा सांगतो, वेळ सांगत नाही. आर्मेरोच्या माणसाला मात्र वेळच हवी होती. त्या रात्रीचा हिशेब पाहा. दुपारी तीनच्या सुमारास वाफेचा एक स्फोट झाला. संध्याकाळी गावावर राख पडू लागली. रेडिओवरून घाबरू नका, घरातच थांबा, असे सांगण्यात आले. राख पडायची थांबली. जोराचा पाऊस सुरू झाला, वीज गेली, शिखर ढगांआड होते. रात्री ९ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास मुख्य उद्रेक झाला. चिंचिना नदीच्या काठावर साडेदहाच्या सुमारास लोट पोहोचला, तिथे १,९०० हून अधिक माणसे गेली. विवरापासून ७४ किलोमीटरवरच्या आर्मेरोत तो पोहोचला साडेअकराच्या सुमारास. म्हणजे सरासरी वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. आपली साधी एस.टी. सुद्धा याहून जोरात जाते. अडीच तासांत माणूस गावाबाहेरच्या टेकडीवर चालत जाऊ शकतो, आणि त्या टेकड्या आर्मेरोला जवळ होत्या. गाव दोन तासांत रिकामे करता येईल असा अंदाजही तज्ज्ञांनी केलेला होता. पण 'किती वाजेपर्यंत, कोणत्या बाजूला' हे सांगणारी रेघ नकाशावर नसते. ती कोणीतरी वेगळी काढावी लागते, आणि ती काढणे हे भूवैज्ञानिकाचे काम की प्रशासनाचे, हे ठरलेले नव्हते.

तिसरी गोष्ट म्हणजे वाचक. काही मोठ्या वृत्तपत्रांनी नकाशाच्या आवृत्त्या छापल्या. तरीही वाचलेल्यांपैकी पुष्कळांनी नंतर सांगितले, की असा काही नकाशा आहे हेच त्यांच्या कानावर आले नव्हते. समजा, तो हातात पडला असता, तरी काय झाले असते? नकाशा वाचणे हे शिकून येणारे कौशल्य आहे. शिक्षकांना हे सांगण्याची गरज नाही. सहावीतल्या मुलाला समोच्चरेषा पहिल्यांदा दाखवल्यावर तो त्यांना रस्ते समजतो. ज्या माणसाने चिखलाचा लोट कधी पाहिला नाही, त्याला नदीकाठी रंगवलेला पट्टा म्हणजे पूर वाटणार. आणि पूर त्याने अनेकदा पाहिलेला असतो. पुराचे पाणी चढते आणि उतरते. ओल्या काँक्रीटसारखा लोट घराच्या भिंतीच घेऊन जातो. हा फरक रंगाच्या पट्ट्यात मावत नाही.

अमेरिकी संशोधक बॅरी व्हॉइट यांनी १९९० साली या दुर्घटनेची जी चिकित्सा केली ती आता अभिजात मानली जाते. दोष तंत्रज्ञानाचा नव्हता, सगळे मिळून घडलेल्या मानवी चुकांचा होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गाव खाली करण्याचा आर्थिक आणि राजकीय बोजा उचलायला आणि धोक्याची घंटा खोटी ठरण्याची जोखीम घ्यायला अधिकारी तयार नव्हते. म्हणून सगळे शेवटच्या शक्य क्षणापर्यंत थांबले, आणि तो क्षण निसटला. हे विवेचन मला पटते. मात्र त्यात एक बाजू अधिक जोर देऊन मांडायला हवी होती असे वाटते. १९८४ च्या नोव्हेंबरपासून डोंगर हादरत होता. ११ सप्टेंबर १९८५ रोजी वाफेचा स्फोट झाला आणि आसुफ्रादोच्या खोऱ्यात २७ किलोमीटरपर्यंत चिखल आला. ही रंगीत तालीमच होती. तरी तिच्यानंतर आलेल्या नकाशावर 'प्राथमिक' हा शब्द होता. आम्हा संशोधकांना तो शब्द प्रामाणिकपणाचा वाटतो. पुढे दुरुस्त्या होतील, एवढेच आम्हाला म्हणायचे असते. ज्याला निर्णय टाळायचा असतो त्याला त्याच शब्दात हवी तेवढी सवड सापडते. अंतिम नकाशा येऊ द्या, मग पाहू. अनिश्चितता लपवू नये हे खरेच; पण आर्मेरोबद्दल अनिश्चितता नव्हती. जे पक्के आहे आणि जे कच्चे आहे, त्या दोघांवर एकच शिक्का मारणे हा लेखनातला दोष आहे, आणि तो नकाशाच्या लेखकांच्या खात्यावर लिहिला पाहिजे. घाई होती, उपकरणे अपुरी होती, हे मान्य करूनही.

स्थानिक लोक रुइझला 'झोपलेला सिंह' म्हणत. जवळजवळ १४० वर्षे तो शांत होता. इथे आपल्या पाठ्यपुस्तकांचाही थोडा समाचार घ्यायला हवा. जागृत, निद्रिस्त आणि मृत असे ज्वालामुखींचे तीन प्रकार आपण वर्षानुवर्षे पाठ करून घेतो. ही विभागणी माणसाच्या आठवणीच्या मापाने केलेली आहे, डोंगराच्या मापाने नव्हे. १८ लाख वर्षांच्या आयुष्यात १४० वर्षे म्हणजे किती, याचे त्रैराशिक मुलांनी मांडून पाहावे. सत्तर वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात ते तीन दिवसांपेक्षाही कमी भरतात. आणि चित्रातला तो तांबडा लाव्हारस? त्या रात्री लाव्हारस कोणाच्याही दारापर्यंत आला नाही. बर्फ, पाणी आणि माती यांनी माणसे मारली. प्रदर्शनात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून फेस उडवणारा ज्वालामुखी मुलांना आवडतो, त्याला माझी हरकत नाही. पण शेजारी एक दुसरा प्रयोग ठेवावा. तिरप्या पन्हळीत कोरडी माती आणि खडी पसरायची, वरून एक तांब्या पाणी सोडायचे आणि खाली बादलीत काय आणि किती जमते ते मोजायचे. जे जमते ते तांब्याभर पाण्यापेक्षा जास्त असते, आणि त्याचे वजन तर विचारूच नका. रुइझ समजायला हा प्रयोग सोड्याच्या फेसापेक्षा जवळचा आहे.

नकाशाला जे जमले नाही ते पुढे एका चित्रफितीला जमले. मोरिस क्राफ्ट या फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञाने ज्वालामुखींच्या धोक्यांवर सामान्य माणसासाठी फिल्म बनवली. तिच्यात आर्मेरोचीही दृश्ये आहेत. १९९१ मध्ये फिलिपाइन्समधला पिनातुबो जागा होऊ लागला, तेव्हा तिची कच्ची प्रत तिथल्या अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना दाखवली गेली. १५ जून १९९१ च्या प्रचंड उद्रेकाआधी हजारो लोकांना हलवण्यात आले. त्यामागे मोजमापे होती, नकाशेही होते. पण समोरच्याला पटवून देण्याचे काम त्या दृश्यांनी केले असे तिथल्या शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. क्राफ्ट स्वतः हे पाहायला राहिले नाहीत. ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर, तशाच तप्त लोटात, ते आणि त्यांची पत्नी कात्या मरण पावले.

याहून बोलकी तुलना कोलंबियातच सापडते. रुइझच्या दक्षिणेला नेवादो देल उइला हा आणखी एक बर्फाच्छादित ज्वालामुखी आहे. २००७ च्या एप्रिलमध्ये आणि पुन्हा २० नोव्हेंबर २००८ रोजी त्याच्यातून पाएस नदीत मोठे लाहार आले. (तिथे बर्फापेक्षा डोंगराच्या पोटात साठलेले पाणी भेगांतून बाहेर पडले, हा भाग स्वतंत्र लेखाचा आहे.) २००७ मध्ये कोणी दगावले नाही, २००८ मध्ये सुमारे दहा माणसे गेली. मधल्या काळात वेधशाळा उभ्या राहिल्या होत्या, इशारे देणारी यंत्रणा होती. पण आणखी एक गोष्ट होती. ६ जून १९९४ च्या भूकंपात त्याच खोऱ्यात दरडी कोसळून चिखलाचे लोट आले होते आणि हजाराच्या वर लोक मेले होते. पाएसच्या काठावरच्या लोकांनी लोट पाहिला होता. भोंगा वाजला की वर चढायचे हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. आर्मेरोतही १८४५ चा लोट पाहिलेली माणसे असती तर तेच घडले असते. पण १८९५ साली गाव वसले तेव्हा मधल्या पन्नास वर्षांत ती पिढी सरत आली होती, आणि १९८५ पर्यंत उरली होती ती फक्त मातीतली नोंद. ती वाचणारे थोडे होते. त्यांनी जे वाचले ते नकाशात उतरवले.

रुइझच्या नकाशाची सुधारित तिसरी आवृत्ती २०१५ साली आली. २०१२ मध्ये डोंगराने पुन्हा राख उधळली. २०२३ च्या मार्चअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत तिथे नारिंगी इशारा लागू होता, म्हणजे लालच्या एक पायरी खाली. हिमटोपी आता १० चौरस किलोमीटरहूनही लहान झाली आहे, तेव्हा धोकाही तितकाच घटला असे वाटण्याचा संभव आहे. १९८५ साली हिमाचा सुमारे दहावाच हिस्सा वितळला होता. उरलेल्या टोपीत त्याच्याइतके पाणी अजून आहे की नाही, आणि नसल्यास किती कमी आहे, हे नव्या नकाशाच्या लेखकांना दर काही वर्षांनी पुन्हा मोजावे लागते.